शहाद्याचा रानपिंगळा आणि कर्नलसाहेबांची लबाडी

गावाबाहेरच्या निंबावर बसलेल्या साध्या पिंगळ्याचा, म्हणजे छोट्या घुबडाचा, फोटो टाकून ‘अतिदुर्मीळ रानपिंगळा’ म्हणून मिरवणारे आपल्या खान्देशात बरेच झालेत. भाऊ, आधी डोकं बघा. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा सडा असतो. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, छातीवर गडद तपकिरी पट्टा, पोट पांढरं. तो भर दिवसा सागाच्या शेंड्यावर बसून सरडे टिपतो.

पक्षिशास्त्रज्ञ ह्यूमने १८७३ मध्ये रानपिंगळ्याला शास्त्रीय नाव दिलं. खान्देशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसनने काही नमुने गोळा केले, आणि १८८४ नंतर पक्षी गायबच झाला. सलीम अली आणि अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ रिप्ली यांनाही सापडला नाही. मधली एकच नोंद होती: १९१४, तापीकाठचं मांडवी, नमुना कर्नल माइनर्ट्झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षिसंग्राहकाचा.

खरी गंमत इथे आहे. संग्रहालयासाठी पक्षी सोलतात, मांस काढतात, कापूस भरून शिवतात, पायाला चिठ्ठी बांधतात. कवटी कुठून उघडायची, कोणती हाडं ठेवायची, टाका कसा घालायचा, हे ज्याचं त्याचं हस्ताक्षरासारखं वेगळं असतं. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी कर्नलसाहेबांचा नमुना बारकाईने तपासला, तर हात डेव्हिडसनचा! साहेबांनी ब्रिटिश संग्रहालयातला नमुना ढापून, कापूस बदलून, नव्याने शिवून त्यावर आपली चिठ्ठी लावली होती. मांडवी बाद झाली, भरवसा फक्त जुन्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांवर उरला. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी!

ह्यूमने त्याची ‘हेटेरोग्लॉक्स’ ही वेगळी प्रजाती (जवळच्या जातींचा गट) मानली होती. २०१८ च्या डीएनए अभ्यासात मात्र तो ‘अथेनी’ या पिंगळ्यांच्याच प्रजातीत बसला. एका पूर्वजाची सगळी वंशावळ एकाच प्रजातीत यावी, हा वर्गीकरणाचा नियम. रानपिंगळ्याची फांदी अथेनीच्या आतच फुटते. त्याला वेगळं काढलं, तर उरलेली अथेनी अर्धवट राहते. दिसण्यातला फरक कितीही ठळक असो, तो इथे चालत नाही.

 

पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि थेट तानसापर्यंत रानपिंगळा सापडला. त्यामुळे २०१८ मध्ये धोक्यातल्या जीवांच्या जागतिक यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ मधून ‘संकटग्रस्त’ गटात आला. सातपुड्यातली सागाची तोड मात्र थांबलेली नाही.