प्रत्यक्ष स्थळावरील ॲक्रिलिक निसर्गचित्रण

चित्रविषयासमोर उघड्यावर बसून किंवा उभे राहून निसर्ग, वास्तू अथवा वस्तीचे चित्र ॲक्रिलिक रंगांत रंगवण्याची पद्धत. चित्रकारांच्या बोलण्यात हिला ‘स्पॉटवर काम करणे’ किंवा नुसते ‘लँडस्केपला जाणे’ असे म्हणतात. कलाशाळेतील विद्यार्थ्याचा सराव आणि चित्रांवर पोट असणाऱ्या चित्रकाराचे काम या दोन्हींत ही पद्धत आढळते. मात्र दुसऱ्याला ऊन, वारा, प्रवास आणि विक्री यांचाही हिशोब ठेवावा लागत असल्याने त्याची माध्यमाची निवड बहुधा व्यवहारातून झालेली असते. ॲक्रिलिक लवकर वाळतो, म्हणून संध्याकाळच्या एसटीने दोन-तीन चित्रे न डागाळता घरी आणता येतात. आणि तो लवकर वाळतो म्हणूनच वैशाखातल्या उन्हात पॅलेटवरचा रंग ब्रशला लागायच्या आत घट्ट होतो. या माध्यमातील बहुतेक युक्त्या या एकाच गुणदोषाभोवती फिरतात.

उघड्यावर तैलरंगात काम करणे सोयीचे झाले ते रंग नळीत भरून मिळू लागल्यावर. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये दाबता येणाऱ्या कथलाच्या नळीचे पेटंट घेतले; त्यापूर्वी घोटलेला रंग प्राण्यांच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत बांधून न्यावा लागे. फ्रान्समधील बार्बिझाँ गावी जमलेल्या चित्रकारांनी आणि त्यांच्यानंतर दृक्‌प्रत्ययवाद्यांनी (इंप्रेशनिस्ट चित्रकारांनी) प्रत्यक्ष स्थळावरील कामाला प्रतिष्ठा दिली. महाराष्ट्रात ही पद्धत १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेतून आणि १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांतून रुजली. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी रंकाळा व कोटितीर्थ परिसराची चित्रे काढली. इंदूरला द. दा. देवळालीकर आपल्या विद्यार्थ्यांना रस्त्यांवर आणि घाटांवर घेऊन जात, ना. श्री. बेंद्रे यांचा निसर्गचित्रणाचा पाया तिथेच घातला गेला. नाशिकचा गोदाघाट शिवाजी तुपे यांच्या चित्रांतून घराघरांत परिचित झाला. या परंपरेचे मुख्य माध्यम जलरंग होते आणि त्याखालोखाल तैलरंग. ॲक्रिलिक तिच्यात उशिरा आला, त्यामुळे मराठी चित्रकाराच्या हातात तो बहुधा जलरंगाची नाहीतर तैलरंगाची सवय घेऊनच येतो, आणि दोन्ही सवयी त्याला थोड्या थोड्या अडचणीत आणतात.

चित्रकारांसाठीचे पहिले ॲक्रिलिक रंग १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ‘मॅग्ना’ या नावाने निघाले. ते टर्पेंटाइनसारख्या द्रावकात मिसळत. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक १९५५ मध्ये हेन्री लेव्हिसन यांनी ‘लिक्विटेक्स’ या नावाने बाजारात आणला. या रंगात रंगद्रव्याचे कण ॲक्रिलिक बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) दुधाळ पायसात (इमल्शनमध्ये) तरंगत असतात. पाणी उडून गेले की बहुवारिकाचे सूक्ष्म गोळे एकमेकांना भिडतात, एकजीव होतात आणि त्यांचा पारदर्शक, लवचीक, पुन्हा पाण्यात न विरघळणारा पापुद्रा तयार होतो. जलरंगाचा वाळलेला थर ओल्या ब्रशने उचलता येतो, ॲक्रिलिकचा येत नाही. तैलरंग हवेतील प्राणवायू घेऊन दिवसांच्या नव्हे, तर आठवड्यांच्या मापाने पक्का होतो. ॲक्रिलिकचा पातळ हात मिनिटांत वाळतो. पायस ओले असताना दुधासारखे पांढरट असते आणि वाळल्यावर स्वच्छ होते, म्हणून प्रत्येक मिश्रण वाळताना थोडे गडद होते.

हा गडदपणा उघड्यावर दुप्पट छळतो. कॅनव्हासवर थेट ऊन पडत असेल तर रंग आहेत त्यापेक्षा उजळ दिसतात, डोळ्यांच्या बाहुल्या आकसलेल्या असतात, आणि चित्रकार नकळत गडद मिश्रणे करत जातो. त्यात रंग वाळताना आणखी एक पायरी खाली उतरतो. उन्हात झळकणारे चित्र घरी भिंतीला टेकवले की चिखलासारखे का दिसते, याचे उत्तर बहुतेकदा इथेच असते. उपाय साधा आहे: पॅलेट आणि कॅनव्हास दोन्ही सावलीत, शक्यतो एकाच सावलीत ठेवावेत. त्यासाठी छत्री पांढरी, करडी किंवा काळी घ्यावी. लाल-निळ्या पट्ट्यांच्या बागेतल्या छत्रीखाली काढलेल्या चित्रावर छत्रीचा रंग उतरतो आणि तो नंतर काढता येत नाही. मिश्रण कागदाच्या कपच्यावर लावून, वाळू देऊन, मगच चित्रात वापरायची जुनी सवयही या माध्यमात फार उपयोगी पडते.

सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे दोन तासांच्या बैठकीत सावल्यांची दिशा आणि लांबी ओळखू न येण्याइतकी बदलते. म्हणून अनुभवी चित्रकार पहिल्या १०-१५ मिनिटांत सावल्यांचे आकार पातळ रंगाने पक्के करून टाकतो आणि पुढे समोर काय दिसते याकडे नव्हे, तर आपण काय ठरवले याकडे पाहतो. ॲक्रिलिक इथे मदतीला येतो, कारण ती मांडणी लगेच वाळते आणि वरच्या हाताने ढवळली जात नाही. मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो, तेव्हा सावल्या पायाखाली जातात आणि वास्तूंचे घनत्व हरवते. कामाच्या वेळा त्यामुळे आपोआप ठरतात: सकाळी साडेनऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर. संध्याकाळचा प्रकाश आपल्याकडे युरोपातल्यासारखा रेंगाळत नाही. तो पाहता पाहता जातो.

हवामानाप्रमाणे पद्धत बदलावी लागते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात दोन छटा ओल्यात ओल्या मिसळणे जवळजवळ अशक्य असते, आणि आकाशासारखा मोठा सलग उतरता रंग पहिल्या टोकाला वाळून दुसऱ्या टोकाला ओला राहतो. कोकणात दमट हवेमुळे थोडी सवड मिळते. पावसाळ्यात मात्र उलटेच दुखणे असते: धुक्याने भरलेल्या घाटात रंग वाळायला मागत नाही आणि एक सर अर्धओल्या चित्रावरून ओघळ काढून जाते. कडाक्याची थंडीही धोक्याची आहे. साधारण ९-१० अंश सेल्सिअसच्या खाली बहुतेक ॲक्रिलिक रंगांचे कण नीट एकजीव होत नाहीत. थर वाळल्यासारखा दिसतो, पण भुसभुशीत राहतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी डिसेंबरच्या ज्या पहाटे दव गोठते, त्या पहाटे रेखाटन करावे आणि रंग ऊन आल्यावर काढावेत हे बरे.

वाळण्याचा वेग कमी करण्याच्या सोप्या युक्त्या बऱ्याच आहेत. पॅलेट म्हणून झाकणाचा उथळ डबा घेऊन तळाशी ओला स्पंज किंवा फडके आणि त्यावर बटर पेपर ठेवला, तर रंग खालून ओलावा घेत तासन्‌तास मऊ राहतात. बारीक फवाऱ्याच्या बाटलीने पॅलेट अधूनमधून भिजवता येते. कॅनव्हासही, पण बेताने. ‘रिटार्डर’ नावाचे द्रव मिसळले की वाळणे लांबते, पण प्रमाण जास्त झाले तर थर चिकट राहतो आणि वाटेतली सगळी धूळ गोळा करतो. उशिरा वाळणारे वेगळे ॲक्रिलिक रंगही मिळतात. तरीही जुन्या हातांचा कल दुसरीकडे असतो: वाळण्याशी भांडण्यापेक्षा छटा शेजारी शेजारी ठेवाव्यात, सपाट ब्रशने ठसठशीत पॅच मारावेत आणि मऊ उतार हवा तिथे कोरड्या ब्रशने ओढून घ्यावे. ॲक्रिलिकला तैलरंगाचे सोंग घ्यायला लावले की चित्र थकलेले दिसते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कॅनव्हासला घरीच मध्यम छटेचा हात, बहुधा यलो ओकर (मातकट पिवळा) किंवा बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी), देऊन नेण्याची प्रथा आहे. त्याने पांढऱ्या पृष्ठाची तिरीप डोळ्यांवर येत नाही आणि कोकणातला जांभा वा देशावरची उन्हाळी माती अर्धी रंगवून झालेली असते. सह्याद्रीचा कातळ काळा म्हणून काळ्या नळीतून काढला की मरतो. अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणाला कधी निळ्याकडे, कधी तांबूसकडे झुकवले की त्यात सावलीची हवा येते. नवख्याची खरी परीक्षा पावसाळी हिरव्यात होते. नळीतला तयार हिरवा प्लास्टिकसारखा दिसतो. निळा, पिवळा आणि चिमूटभर तांबडा घेऊन हिरवा जुळवावा लागतो आणि दूरच्या डोंगरासाठी त्यात पांढऱ्याबरोबर थोडा जांभळाही घालावा लागतो. विकायच्या चित्रात नळीवरील रंगद्रव्याचा संकेतांक पाहून घेणे व्यावसायिकाचे कर्तव्य आहे. उदाहरणार्थ, खऱ्या अलिझरिन क्रिमझनचे रंगद्रव्य (पीआर ८३) प्रकाशात विटते. नळीवर ‘ह्यू’ असे लिहिलेले असेल तर नावातल्या रंगद्रव्याऐवजी दुसरेच वापरलेले असते.

साहित्य मोजके असते: हलका ईझल (चित्र टेकवायची घोडी) किंवा तिपाईवर बसवलेली रंगपेटी, नायलॉनचे सपाट ब्रश, पाण्याची दोन भांडी, फडकी, क्लिपा, आणि वाऱ्यात ईझलला टांगायला दगडांनी भरलेली पिशवी. ब्रश पाण्याबाहेर वाळला की कामातून गेलाच म्हणायचा.

महाराष्ट्रात चित्रकारांच्या ठरलेल्या जागा आहेत. वाईचे कृष्णाघाट आणि ढोल्या गणपतीचे देऊळ, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा व घाट, नाशिकची गोदावरी, पन्हाळा, मुंबईत बाणगंगा आणि ससून डॉक. दगड, पाणी आणि माणसे एकाच चौकटीत मिळतात म्हणून घाट आवडते, पण तिथे गर्दी असते. मागे उभे राहणारे लोक, ‘आमचं घर काढा की’ म्हणणारी मुले आणि ‘केवढ्याला देणार?’ विचारणारे गृहस्थ हे कामाचाच भाग समजावे लागतात. बोटीच्या बंदरात बोट निघून जाते, बाजारात टेम्पो येऊन उभा राहतो. म्हणून हलणाऱ्या गोष्टी आधी आणि न हलणाऱ्या नंतर असा क्रम ठेवतात.

नुसत्या स्पॉटवरच्या चित्रांवर घर क्वचितच चालते. व्यावसायिक चित्रकार लहान आकाराचे प्रत्यक्ष काम, त्यावरून स्टुडिओत केलेले मोठे कॅनव्हास, कलासंस्थांतील प्रात्यक्षिके (यांना सगळे ‘डेमो’ म्हणतात), कार्यशाळा आणि हॉटेल वा कार्यालयांची कामे यांची सांगड घालतो. छायाचित्राचा आधार घेण्यात कमीपणा नाही. पण कॅमेरा सावल्या काळ्या करतो आणि आकाश पांढरे, त्यामुळे जागेवर केलेल्या छोट्या रंगटिपणाशिवाय मोठे चित्र फोटोसारखेच बेचव होते. भाव बहुधा आकारावर, चौरस इंचाच्या दराने ठरतो. प्रदर्शनासाठी १९५२ मध्ये सुरू झालेले मुंबईचे जहांगीर कलादालन आजही प्रतिष्ठेचे मानले जाते. तिथली प्रदर्शने आठवडाभराची असतात आणि तारखेसाठी थांबावे लागते. दालनाबाहेरच्या फुटपाथवरही चित्रे मांडली जातात, आणि निसर्गचित्राला तिथे हमखास गिऱ्हाईक असते.

कायद्याच्या बाबतीत चित्रकार फार गाफील असतात. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ प्रमाणे वास्तूचे चित्र काढणे व प्रकाशित करणे म्हणजे त्या वास्तूच्या प्रताधिकाराचा भंग होत नाही. चित्र विकले म्हणून प्रताधिकार विकला जात नाही. त्यासाठी सहीचा लेखी करार लागतो. मात्र कोणी मोबदला देऊन, सांगून काढून घेतलेल्या चित्राचा प्रताधिकार, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणून हॉटेलसाठी काढलेले घाटाचे चित्र पुढे दिनदर्शिकेत दिसले तर चित्रकाराचे फारसे चालत नाही. मूळ चित्र पुढे १०,००० रुपयांपेक्षा अधिक किमतीला पुन्हा विकले गेले तर त्यातून चित्रकाराला कमाल १० टक्क्यांपर्यंत वाटा देण्याची तरतूदही याच कायद्यात आहे.

ॲक्रिलिकचा थर उष्ण हवेत किंचित मऊच राहतो. चित्रे समोरासमोर एकमेकांना टेकवून ठेवली तर उन्हाळ्यात चिकटतात. बबल रॅपचे फुगे थेट चित्राकडे आले तर गोल वळ उमटतात. पावसाळ्यात बंद खोलीत कॅनव्हासच्या मागच्या बाजूला बुरशी धरते, म्हणून चित्रे भिंतीपासून थोडी सुटी ठेवतात. वार्निश घरी, थर पूर्ण वाळल्यावर काही दिवसांनी आणि शक्यतो कोरड्या हवेत लावतात, कारण दमट दिवशी लावलेल्या वार्निशवर पांढुरकी झाक येते.

ब्रश धुतलेले पाणी नदीत किंवा घाटाच्या पायरीवर ओतण्याची पद्धत अजून सुटलेली नाही. त्या पाण्यात प्लास्टिकचे बारीक कण असतात, आणि काही नळ्यांतील कॅडमियमसारखी धातुयुक्त रंगद्रव्येही. झाकणाच्या बरणीत ते परत आणून ॲल्युमिनियम सल्फेट आणि चुना घातला की कण एकमेकांना धरून तळाशी बसतात. विहिरीच्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याचे तत्त्व हेच आहे. वरचे पाणी फडक्यातून गाळून मोरीत सोडतात आणि खालचा गाळ वाळवून कचऱ्यात टाकतात.