एसयू कार्ब्युरेटरचे ट्यूनिंग

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारच्या एंजिनात हवा व पेट्रोल यांचे प्रमाण पुन्हा योग्य करून त्याची मूळ शक्ती आणि सुरळीत चाल परत मिळविण्याची क्रिया. येथील तपशील मुख्यतः एमजीबी (१९६२–८०) या मोटारीच्या १,७९८ घ. सेंमी. एंजिनावर बसविलेल्या एचएस४ या एसयू जातीच्या जोड कार्ब्युरेटरांना (हवा व पेट्रोल यांचे मिश्रण करून एंजिनाला देणाऱ्या साधनांना) लागू आहे. या जोडीवर ते एंजिन ९५ अश्वशक्ती देत असे.

फवारा उडविणाऱ्या कार्ब्युरेटरचा जनक कोण, याविषयी एकमत नाही. जर्मन परंपरेत हे श्रेय व्हिल्हेल्म मायबाख यांना देतात. हंगेरीत ते दोनात बांकी व यानोश चोंका यांच्याकडे जाते. केवळ पेटंटांच्या तारखा पाहिल्या, तर हंगेरियन अर्ज फेब्रुवारी १८९३ चा व मायबाख यांचा फ्रान्समधील अर्ज त्याच वर्षीच्या ऑगस्टचा असल्याने हंगेरियन बाजू वरचढ ठरते. फुले विकणाऱ्या मुलीला तोंडाने पाणी फवारताना पाहून बांकी यांना कल्पना सुचली, ही कथा मात्र आख्यायिकाच मानावी. एसयू कार्ब्युरेटरच्या आरंभाबाबत मतभेद लहान आहे. जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनी पहिला नमुना १९०४ च्या सुमारास केला असे सांगतात, पण पेटंटचा अर्ज जानेवारी १९०५ चा आहे. म्हणून आरंभासाठी १९०५ हे वर्ष धरणे अधिक सुरक्षित. स्किनर घराणे पादत्राणांच्या व्यापारातले. सुरुवातीच्या रचनेत पिस्टनऐवजी चामड्याचा भाता होता, हे त्या पार्श्वभूमीवर लक्षणीय आहे. धाकटे बंधू कार्ल यांच्या साहाय्याने १९१० मध्ये स्किनर्स युनियन (एसयू) कंपनी उभी राहिली आणि १९२६ मध्ये ती मोटार-उत्पादक विल्यम मॉरिस यांच्याकडे गेली.

या कार्ब्युरेटरात हवेची वाट पिस्टनच्या चढ-उताराने आपोआप लहान-मोठी होते, त्यामुळे जेटवरील (पेट्रोल येण्याच्या बारीक नळीवरील) निर्वात जवळपास स्थिर राहतो. पिस्टनला जोडलेली निमुळती सुई जेटमध्ये वर-खाली होऊन पेट्रोल मोजते. निराळा आयडलिंग (एंजिन भाराविना मंद चालतानाचा) जेट किंवा अ‍ॅक्सिलरेटर पंप नसतो. एकाएकी थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी झडप) उघडल्यास डॅम्परमधील (पिस्टनची हालचाल मंद करणाऱ्या भागातील) तेल पिस्टनला क्षणभर रोखते आणि मिश्रण तेवढ्यापुरते गडद (अधिक पेट्रोलचे) होते. तेल कमी झाले की गाडी वेग घेताना अडखळते. अशा वेळी मिश्रणाला हात लावण्याआधी तेल पाहावे.

टॅपेट (एंजिनाच्या झडपा हलविणारे भाग), प्लग, पॉइंट (ठिणगीसाठी वीजप्रवाह तोडणारे संपर्क) व इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) ठीक झाल्यावरच कार्ब्युरेटर उघडावा. हा क्रम अनेक जण उलटा करतात व इग्निशनचा दोष मिश्रणाने झाकतात. पिस्टन हाताने उचलून सोडला असता ‘टक्’ असा स्पष्ट आवाज करीत खाली बसला पाहिजे. थ्रॉटलचा दांडा (स्पिंडल) झिजला असेल, तर तेथून हवा आत शिरते आणि कोणतीही जुळणी टिकत नाही; जुन्या गाड्यांत हे फार आढळते, तरी कार्यपुस्तिकांत त्याला दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही.

एंजिन गरम झाल्यावर दोन्ही कार्ब्युरेटरांना जोडणारे क्लॅम्प सैल करतात. रबरी नळीचे एक टोक कानाला, दुसरे हवेच्या तोंडाशी धरून दोन्हींची सुसकारी सारखी होईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू फिरवितात. मग जेटचे षट्कोनी नट एकेका पैलूने फिरवायचे. वर नेल्यास मिश्रण फिके (कमी पेट्रोलचे), खाली आणल्यास गडद होते. खालची पिन दाबून पिस्टन सुमारे ०.८ मिमी. उचलावा. एंजिनाचे फेरे वाढून तसेच राहिले तर मिश्रण गडद, लगेच घटले तर फिके, किंचित वाढून पूर्ववत झाले तर योग्य. एका बाजूचा बदल दुसरीला हलवितो, म्हणून पुन्हा पहिल्याकडे यावे लागते. धुराच्या विश्लेषकाने आयडलिंगचे माप अचूक मिळते. गाडी चढावर कशी ओढते हे मात्र रस्त्यावरच कळते.

नट फिरविल्याने सुईचा आकार बदलत नाही. एअर फिल्टर किंवा सायलेन्सर बदलला असेल, तर वेगळी सुई लागते. सुईचे व्यास दर १/८ इंचावर नोंदलेले असतात. निवड त्या तक्त्यांवरून होते.

एथेनॉलमुळे जुने हिशेब बदलले आहेत. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट, तर एथेनॉलला सुमारे ९ पट हवा लागते. त्यामुळे जुन्या जुळणीवर मिश्रण फिके पडते. ब्रिटनमध्ये १०% मिश्रण सप्टेंबर २०२१ पासून प्रमाण झाले. भारतात हे प्रमाण आता २०% च्या आसपास असल्याने येथे फरक अधिक जाणवतो, आणि जुन्या रबरी नळ्याही तपासाव्या लागतात.

अँबॅसडरचे १,४८९ घ. सेंमी. एंजिन एमजीबीच्याच बी-मालिकेतले आहे. अमेरिकेसाठीच्या एमजीबींवर १९७५ पासून एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर आला. त्याची जुळणी निराळी. एसयूचे सुटे भाग आज इंग्लंडमधील सॉल्झबरी येथे बनतात.