मधुमेहाची गोळी फ्रॅजाइल एक्सपर्यंत कशी पोचली

टाइप २ मधुमेहाचं निदान झालं की डॉक्टर बहुतेक वेळा आधी मेटफॉर्मिन लिहून देतात. तीच गोळी गेल्या काही वर्षांत फ्रॅजाइल एक्स सिंड्रोम हा मेंदूच्या वाढीवर परिणाम करणारा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांनाही दिली जाऊ लागली आहे. गंमत अशी की यातल्या बहुतेक मुलांना मधुमेह नसतो. मग उशिरा बोलणाऱ्या, नजर चुकवणाऱ्या, गोंगाटात बिथरणाऱ्या मुलाला साखरेचं औषध कशासाठी? यामागे दोन वेगवेगळे इतिहास आहेत, एक औषधाचा आणि एक आजाराचा. कित्येक दशकं त्या दोघांची एकमेकांशी ओळखदेखील नव्हती.

आधी औषधाचा. गॅलेगा ऑफिसिनॅलिस ही युरोपातली फिकट जांभळ्या फुलांची वनस्पती. तिच्यात ग्वानिडीनच्या कुळातलं गॅलेजिन नावाचं द्रव्य असतं. ग्वानिडीनने प्राण्यांच्या रक्तातली साखर उतरते, हे १९१८ मध्ये दिसलं होतं. १९२२ मध्ये डब्लिनमध्ये एमिल वर्नर आणि जेम्स बेल यांनी याच कुळातलं मेटफॉर्मिन प्रयोगशाळेत तयार केलं. पण त्याच वर्षी माणसांवर इन्सुलिनचा वापर सुरू झाला आणि इतर कशाकडे बघायला कुणाला सवड उरली नाही. त्यातच ग्वानिडीनच्या घरातलं सिंथॅलिन विषारी निघालं, त्यामुळे सगळं कुळच बदनाम झालं.

मेटफॉर्मिनला पुन्हा बाहेर काढलं ते तापाने. १९४० च्या दशकाच्या अखेरीस फिलिपिन्समध्ये युसेबिओ गार्सिया हे डॉक्टर ते इन्फ्लुएंझावर वापरत होते. रुग्णांची रक्तातली साखर उतरते अशी नोंदही त्यांनी केली होती. पॅरिसमध्ये जाँ स्टर्न यांनी तो धागा उचलला, मधुमेहींवर औषध वापरून पाहिलं आणि १९५७ मध्ये निष्कर्ष छापले. नाव ठेवलं ग्लुकोफाज, म्हणजे साखर खाणारा. थोडक्यात, 'जुन्या औषधाला नवं काम' ही या गोळीच्या बाबतीत पहिली वेळ नाही. मधुमेह हेच मुळात तिचं दुसरं काम.

पुढचा रस्ताही सरळ नव्हता. तिचं भावंड फेनफॉर्मिन रक्तात लॅक्टिक आम्ल साचवतं म्हणून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत बंद झालं. त्याची सावली मेटफॉर्मिनवरही पडली आणि अमेरिकेत त्याला मंजुरी मिळायला १९९४ चा डिसेंबर उजाडला. गोळी पेशीत नेमकं काय करते याचा थोडाफार उलगडा तर २००० च्या आसपास झाला. ती पेशीच्या ऊर्जाकेंद्रातल्या एका टप्प्याला अडवते, पेशीला ऊर्जा कमी पडल्याचा निरोप जातो आणि एएमपीके नावाचं विकर जागं होतं. हे विकर म्हणजे काटकसरी कारभारी. नवी प्रथिनं बनवण्यासारखी खर्चिक कामं ते हात आखडून करायला लावतं. मेंदूच्या संशोधकांचे कान टवकारले ते इथे.

आता आजाराचा इतिहास. १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये जेम्स पर्डन मार्टिन आणि ज्युलिया बेल यांनी एका कुटुंबाची वंशावळ छापली. त्यात बौद्धिक अपंगत्व पुरुषांमध्ये उतरत होतं, पण येत होतं आयांकडून. दोष एक्स गुणसूत्रावर असणार हा अंदाज बरोबर होता, पण दाखवायला पुरावा नव्हता. १९६९ मध्ये हर्बर्ट लब्ज यांना तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. एक्स गुणसूत्राच्या लांब भुजेचं टोक जणू दोऱ्याला लटकल्यासारखं, आता तुटेल की मग. फ्रॅजाइल एक्स, म्हणजे नाजूक एक्स, हे नाव त्यावरूनच.

त्यानंतर मात्र तो पुरावा लपंडाव खेळू लागला. एका प्रयोगशाळेत दिसायचा, दुसरीत नाही. ग्रँट सदरलँड ऑस्ट्रेलियात मेलबर्नहून ॲडलेडला आले तेव्हा आधी दिसणाऱ्या असल्या नाजूक जागा त्यांना नव्या ठिकाणी सापडेनात. शेवटी लक्षात आलं की फरक पेशी वाढवण्याच्या द्रावणात आहे. ॲडलेडचं द्रावण जास्त कसदार होतं, त्यात फॉलिक आम्ल भरपूर होतं आणि त्यामुळे गुणसूत्रावरची खोट झाकली जात होती. १९७७ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि चाचणी भरवशाची झाली. पेशींना उपाशी ठेवल्याशिवाय दोष दिसत नव्हता, हे मला या साऱ्या कथेतलं सगळ्यात सुंदर वळण वाटतं.

१९९१ मध्ये जनुक सापडलं, एफएमआर१. त्यात सीजीजी ही डीएनएची तीन अक्षरं ओळीने येतात, एरवी ४४ वेळांपर्यंत. ५५ ते २०० म्हणजे वाहक अवस्था. आकडा २०० च्या वर गेला की जनुकाला कुलूप लागतं आणि एफएमआरपी हे प्रथिन बनेनासं होतं. चेतापेशींच्या जोडांपाशी इतर प्रथिनांच्या उत्पादनाला लगाम घालणं, हे एफएमआरपीचं मोठं काम. लगाम सुटला की जोडांपाशी प्रथिनं गरजेपेक्षा जास्त बनतात. बौद्धिक अपंगत्वाच्या आनुवंशिक कारणांत हे सर्वांत जास्त आढळणारं, आणि स्वमग्नतेचंही एकाच जनुकातून येणारं एक प्रमुख कारण.

मग सरळ तर्क असा: लगाम नाही, तर वेग देणारं पायडल तरी सैल करा. २००४ मध्ये मार्क बेअर, किम्बर्ली ह्यूबर आणि स्टीफन वॉरन यांनी मांडलं की एमग्लुआर५ हा ग्राही, म्हणजे चेतापेशीवरचं संदेश टिपणारं प्रथिन, हेच ते पायडल. उंदरांत तो दाबला की बरीच लक्षणं ओसरत. नोव्हार्टिसने मॅव्होग्लुरंट आणि रोशने बासिमग्लुरंट हे रेणू माणसांपर्यंत आणले. मॅव्होग्लुरंटच्या दोन चाचण्यांत मिळून तीनशेहून जास्त प्रौढ आणि किशोरवयीन रुग्ण होते. हाती काहीच लागलं नाही. औषधाच्या गटातले सुधारले, तसेच प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीच्या, गटातलेही सुधारले. २०१४ मध्ये नोव्हार्टिसने हा कार्यक्रम गुंडाळला. वर्षानुवर्षं आशेवर राहिलेल्या कुटुंबांना तो धक्का मोठा होता. संशोधकांनाही प्रश्न पडला की उंदीर खोटं बोलला, की माणसांत मोजमापच चुकलं?

मेटफॉर्मिन या पडझडीनंतर आलं, आणि तेही एका माशीच्या वाटेने.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात थॉमस जोंगेन्स यांची प्रयोगशाळा फळमाशीवर काम करत होती. फळमाशीतही एफएमआर१ चा भाऊबंद आहे. नर माशीची स्मरणशक्ती तपासायची एक जुनी रीत अशी: त्याला आधीच मीलन झालेल्या मादीसोबत ठेवायचं. तो तिच्या मागे लागतो, पुढच्या पायाने तिला टोकतो, एक पंख पसरून थरथरवत 'गातो'. ती दाद देत नाही. साधा नर यातून शिकतो आणि त्यानंतर काही काळ प्रियाराधनात हात आखडता घेतो. एफएमआर१ नसलेला नर नकार विसरतो आणि पुन्हा तितक्याच उत्साहाने गाऊ लागतो. या माश्यांच्या मेंदूत इन्सुलिनची संदेशयंत्रणा फाजील चालते आहे, असं या गटाला आढळलं. ती जनुकीय मार्गाने खाली आणली की स्मृती सुधारली. मग हाताशी असलेलं, इन्सुलिनच्या वाटेशी नातं सांगणारं मेटफॉर्मिन माश्यांना खाऊ घातलं. स्मृती परत आली. हे काम २०१६-१७ मध्ये प्रसिद्ध झालं.

जवळपास त्याच वेळी मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात नाहुम सोनेनबर्ग यांचा गट दुसऱ्या टोकाकडून तिथेच येत होता. सोनेनबर्ग यांचं आयुष्य पेशीत प्रथिनं कशी बनतात हे शोधण्यात गेलेलं. २०१७ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की फ्रॅजाइल एक्सच्या प्रौढ उंदरांना दहा दिवस मेटफॉर्मिन दिलं तर त्यांचं सतत अंग साफ करत बसणं कमी होतं, दुसऱ्या उंदराशी वागणं सुधारतं आणि चेतापेशींवरचे काटेही, म्हणजे जोड जिथे होतात ते बारीक उंचवटेही, ताळ्यावर येतात. उंदीर प्रौढ होते, हे महत्त्वाचं. मेंदू घडून गेल्यावरही काही दुरुस्त होऊ शकतं, असा त्याचा अर्थ. औषधाचा परिणाम मात्र अपेक्षेहून वेगळ्या दारातून आला. एएमपीकेच्या काटकसरीपेक्षा ईआरके नावाची संदेशवाट शांत झालेली दिसली आणि एमएमपी-९ हे विकर खाली आलं. मिनोसायक्लिन या जुन्या प्रतिजैविकाचा फ्रॅजाइल एक्समध्ये उपयोग तपासला गेला होता, तोही याच एमएमपी-९ मुळे.

दवाखान्याला फार थांबावं लागलं नाही. फ्रॅजाइल एक्सच्या काही रुग्णांना भूक आवरत नाही आणि वजन वाढत जातं, त्यामुळे मेटफॉर्मिन द्यायला वेगळं कारणही होतं. स्वमग्न मुलांत मनोविकारावरच्या औषधांनी वाढणाऱ्या वजनावर ते चालतं, हे २०१६ मध्ये ६१ मुलांच्या प्लासिबो-चाचणीत दिसलं होतं. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या माइंड इन्स्टिट्यूटमध्ये रँडी हॅगरमन यांच्या गटाने २०१८ मध्ये सात रुग्णांचे अनुभव मांडले, पुढच्या वर्षी नऊ लहान मुलांचे. चिडचिड कमी झाली, बोलणं वाढलं, असं घरच्यांनी सांगितलं. पण सात आणि नऊ. तुलनेला कुणी नाही, आणि गोळी चालू आहे हे सगळ्यांना ठाऊक.

शेजारच्या आजारांतही मधुमेहाच्या औषधांनी डोकावून पाहिलं आहे. फेलन-मॅकडर्मिड सिंड्रोम या जनुकीय आजारात नाकातून इन्सुलिन देण्याचा प्रयोग २००९ मध्ये सहा मुलांवर झाला. पुढे नेदरलँड्समधल्या मोठ्या चाचणीत एकूण गटात ठोस फरक दिसला नाही, तीन वर्षांवरच्या मुलांत थोडा दिसला. अवयवांत गाठी होणाऱ्या ट्युबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजारात ब्रिटनमधल्या प्लासिबो-चाचणीत मेटफॉर्मिनने मूत्रपिंडातल्या गाठींवर अपेक्षित परिणाम केला नाही, अपस्माराचे झटके मात्र कमी झालेले दिसले.

फ्रॅजाइल एक्ससाठी अमेरिका आणि कॅनडात प्लासिबोसह चाचणी हाती घेतली गेली. ऐकायला सोपं, करायला अवघड. गोळी स्वस्त, पेटंट कधीच संपलेलं, कोणताही डॉक्टर आपल्या जबाबदारीवर लिहून देऊ शकतो. मग चार महिने कदाचित पिठाचीच गोळी मिळेल अशा चाचणीत मूल का घालावं, असं आईवडिलांना वाटलं तर त्यांना दोष देता येत नाही. त्यात मेटफॉर्मिनची जुनी खोड आहेच: सुरुवातीला पोट बिघडतं. मुलाला जुलाब होऊ लागले की खरी गोळी आपल्याच वाट्याला आली, हे घरचे ओळखतात, आणि मूल आता जास्त बोलतं का हे प्रश्नावलीत भरणारेही तेच असतात.