इंग्लंडमध्ये घर घेताना एजंटने सुचवलेला सॉलिसिटर: नियम, कागदपत्रं, तक्रार

ऑफर मंजूर झाली की इस्टेट एजंटचा फोन येतो: "सॉलिसिटर ठरलाय का? नसेल तर आमचे आहेत, काम पटकन होईल." या शिफारशीमागे बरेचदा रेफरल फी असते. एजंटने गिऱ्हाईक पाठवायचं आणि सॉलिसिटरने त्याचे पैसे मोजायचे. आपल्याकडे वकिलाने वकील नसलेल्या माणसाशी फी वाटून घ्यायला बार काउन्सिलची मनाई आहे, म्हणून पुण्या-मुंबईहून गेलेल्यांना ही सरळ दलाली वाटते. इंग्लंड-वेल्समध्ये घराच्या व्यवहारात मात्र ती कायदेशीर आहे. (अपघाती इजेच्या दाव्यांत एप्रिल २०१३ पासून बंदी आहे. स्कॉटलंडचा कायदा वेगळा.)

लपवाछपवी मात्र चालत नाही. सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या (सॉलिसिटरांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या) आचारसंहितेनुसार, काम पाठवणाऱ्याशी पैशाचा संबंध असेल तर सॉलिसिटरने तो तुम्हाला सांगायलाच हवा. फी वाटून घेण्याचा करार लेखी हवा. ग्राहकाच्या निर्णयावर परिणाम करणारी माहिती दडवायला एजंटलाही मनाई आहे. तेव्हा फीचं कोट (अंदाजपत्रक) आलं की दोघांनाही ईमेलवर विचारा: "या कामाची रेफरल फी किती पौंड?" तोंडी उत्तरावर समाधान मानू नका.

सुचवलेलाच सॉलिसिटर घ्यायची सक्ती नाही. एजंटची दुसरी सेवा नाकारली म्हणून खरेदीदाराशी भेदभाव करायला इस्टेट एजंटांच्या गैरप्रकारांविरुद्धच्या १९९१ च्या सरकारी आदेशानेच बंदी आहे. "आमचा घेतलात तरच ऑफर पुढे पाठवू" असं कुणी म्हटलं तर तेही लेखी मागा. बहुतेक वेळा सूर तिथेच बदलतो.

सॉलिसिटर कुठलाही निवडा, दोन गोष्टी तपासा. तो सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या, किंवा लायसन्स्ड कन्व्हेयन्सर (घराच्या व्यवहारांचं कायदेशीर काम करणारा परवानाधारक) असेल तर काउन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सच्या नोंदीत हवा. कर्ज काढणार असाल तर तुमच्या बँकेच्या पॅनलवरही हवा. पॅनलची चौकशी आधीच करा, नाहीतर कर्ज मंजूर होऊनही गाडी अडते.

कागदपत्रांत पासपोर्ट, व्हिसाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि बँक स्टेटमेंट्स हे नेहमीचंच. आपल्या लोकांचं घोडं अडतं ते पैशाच्या उगमापाशी. डिपॉझिटसाठी आई-बाबांनी पैसे पाठवले असतील तर त्यांचं गिफ्ट लेटर लागतं: नातं काय, रक्कम किती, ती परत घेणार नाही आणि घरात हिस्सा मागणार नाही. शिवाय त्यांची ओळखपत्रं आणि पैसे आले कुठून याचा माग, म्हणजे एफडी मोडल्याचा कागद किंवा फ्लॅट विकल्याचं खरेदीखत. इंडेक्स-२ मराठीत असतो, त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवलेलं बरं. भारतातून एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच रक्कम पाठवता येते, हेही हिशेबात धरा.

तक्रार आधी त्या-त्या फर्मकडे लेखी करायची. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर सॉलिसिटरच्या सेवेबद्दल लीगल ऑम्बड्समनकडे (वकिली सेवेच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे) जा. फर्मच्या अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांची मुदत असते. रेफरल फी दडवली असेल तर तो वर्तणुकीचा प्रश्न, तो रेग्युलेशन अथॉरिटीकडे न्यायचा. एजंटविरुद्ध प्रॉपर्टी ऑम्बड्समन किंवा प्रॉपर्टी रिड्रेस, यांपैकी तो ज्याचा सभासद असेल तिथे. दोन्हींकडे ग्राहकाला फी पडत नाही.