जुन्या कॅसेटी, स्पूल (उघड्या चाकावर गुंडाळलेल्या टेपा) कॉम्प्युटरवर घ्यायच्या असतील तर आधी एवढं वाचा

सगळ्यात आधी एक विनंती. कपाटात कॅसेट सापडली की "बघूया चालते का" म्हणून लगेच टेपमधे घालू नका. कॅसेट बरी असेलही, पण घरात उरलेला टेपरेकॉर्डर तेवढाच म्हातारा असतो, त्याचा रबरी बेल्ट सैल पडलेला नाहीतर वितळून डांबरासारखा झालेला, मग एका बाजूने टेप ओढली जाते आणि दुसऱ्या बाजूचं चाक ती गुंडाळून घेतच नाही, सगळी आत जाऊन रबरी रोलरला वेटोळे घालून बसते. आजोबांच्या भजनाची कॅसेट मी स्वतः अशीच खाऊ घातलीय टेपला, त्यातला अर्धा अभंग कायमचा चुरगळला. तेव्हा कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचा हा धंदा सुरू केला नव्हता, एवढंच म्हणू शकतो.

दुसरी गोष्ट बुरशी. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीतच आहे, चार महिने चामड्याच्या चपलेवर बुरशी येते तिथे कॅसेट काय सुटणार. कॅसेट उजेडात धरून मधल्या काचेतून गुंडाळीची कड बघा. ती एकसारखी काळसर किंवा तपकिरी दिसायला हवी. पांढरे ठिपके किंवा पीठ भुरभुरल्यासारखं दिसलं तर ती वेगळ्या पिशवीत घालून आणा, बाकीच्यांबरोबर एका डब्यात नको, कारण ती मशीनमधून गेली की बुरशी हेडला, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. अशा कॅसेटी आम्ही आधी कोरड्या करतो, खोलून हाताने हळूहळू पुसतो आणि गरज पडली तर टेप नव्या खोक्यात बसवतो. खोक्याला स्क्रू असतील तर सोपं जातं, चिकटवलेली खोकी फोडावी लागतात. तुटलेल्या टेपला घरी सेलोटेप मात्र लावू नका हो! त्याचा गोंद पाझरतो आणि वरचे-खालचे वेढेही चिकटतात.

आता खरं काम. लोकांना वाटतं वायर लावली, प्ले केलं, झालं. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली ती मुळात डिक्टेशनसाठी, त्यामुळे टेप जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद आणि सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर एवढीच सरकते. इतक्या हळू चालणाऱ्या टेपवर हेड जरासं जरी तिरकं असलं तरी वरचे बारीक आवाज गायब. तुमच्या घरच्या टेपचं हेड तेव्हा जितकं तिरकं होतं तितकंच तिरकं आम्हाला आमचं करावं लागतं, हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो तो केसभर फिरवायचा आणि हेडफोन लावून ऐकत राहायचं. एका क्षणी गाणाऱ्याचा "स" आणि "श" एकदम उघडतो, टाळ टाळासारखे वाजतात, तिथे थांबायचं. प्रत्येक कॅसेटला वेगळं, कधीकधी दोन बाजूंनाही वेगळं. आमच्या बिलातला बराचसा वेळ ह्या स्क्रूवर जातो.

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) घुमट आरत्यांच्या, म्हणजे घुमट ह्या मातीच्या वाद्यावर म्हटलेल्या आरत्यांच्या, कॅसेटी आमच्याकडे खूप येतात आणि त्यांची एक तक्रार ठरलेली, "घुमट वाजलं की गळा आत जातो". हा बिघाड कॅसेटचा नाही. घरच्या रेकॉर्डरमधे आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय होती, घुमटावर जोराचा हात पडला की ती सगळाच आवाज खाली ओढायची आणि मग हळूहळू वर आणायची. ते तसंच टेपवर उमटलंय. आम्ही थोडं सावरू शकतो, पूर्ण नाही, आणि जो पूर्ण करून देतो म्हणेल त्याला आधी एक नमुना मागा. खरखर काढण्याचंही तसंच आहे, जास्त काढली की तंबोरा पण जातो आणि माणूस पाण्याखालून गातोय असं वाटतं. म्हणून आम्ही दोन फाइली देतो, एक जशी टेपवर आहे तशी आणि एक हलक्या हाताने साफ केलेली. पहिली डिलीट करू नका, कितीही खरखरीत वाटली तरी.

एका कॅसेटवर नंतर कोणी सिनेमाची गाणी भरली असतील तर खालचं परत येत नाही. गेलं ते गेलं.

मूळ फाइल वेव्हमधे, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट, स्टिरिओ असेल तर तासाला साधारण एक जीबी, घरचं एका माइकचं रेकॉर्डिंग असेल तर मोनो म्हणजे अर्धी. नातेवाईकांना पाठवायला एमपी३ वेगळी. पेनड्राइव्हवर ठेवून निर्धास्त होऊ नका, अजून एका ठिकाणी कॉपी हवी, आणि कॅसेट फेकू नका.

नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटंच लागतात, डबल स्पीडने आम्ही करत नाही. १२० वाल्या कॅसेटींना अजून वेळ द्या, त्यांची टेप ९ मायक्रॉन म्हणजे ६० वालीच्या निम्मी जाड असते, फास्ट फॉरवर्डसुद्धा जपून करावं लागतं. पैसे रेकॉर्डिंगच्या तासावर, कोऱ्या बाजूचे नाही. चवथीच्या आदल्या आठवड्यात आणलंत तर चवथीआधी मिळणार नाही, आधीच सांगतो.

स्पूल असेल तर डबा पण आणा, त्यावर बहुतेकदा सेकंदाला १९, साडेनऊ की पावणेपाच सेंटीमीटरचा स्पीड ते लिहिलेलं असतं. चिकट झालेली, वाजताना किंचाळणारी स्पूल ठरावीक तापमानात काही तास तापवून वाजवता येते, पण सगळ्याच प्रकारच्या नाही, घरच्या ओव्हनमधे हा प्रयोग नको.

बाजारात विकत घेतलेल्या कॅसेटी आम्ही करत नाही. घरातलं काय ते आणा, नाटकाची तालीम, बारसं, जहाजावरच्या तारवटी काकांनी कॅसेटवर बोलून पाठवलेलं पत्र. आणि जमलं तर ते आवाज ओळखणारं घरातलं एखादं मोठं माणूस सोबत आणा, खुर्ची आहे, चहा आम्ही पाजतो. मधे खोकणारी बाई कोण ते आम्हाला कसं कळणार.