गिरमिटिया मजूर (मॉरिशस)

ठरावीक वर्षांच्या करारावर सही किंवा अंगठा घेऊन परदेशातल्या ऊसमळ्यांवर नेलेला हिंदुस्थानी मजूर म्हणजे गिरमिटिया. १८३४ ते १९२० च्या दरम्यान एकट्या मॉरिशसला असे साधारण साडेचार लाख लोक गेले, त्यातले अंदाजे एक तृतीयांश परत आले, बाकीचे तिकडेच राबून मेले नाहीतर जमीन घेऊन तिथलेच झाले. फिजी, त्रिनिदाद, गयाना, दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ इथेही नंतर हाच प्रकार गेला, पण ही नोंद मॉरिशसपुरती.

शब्दाबद्दल. ‘गिरमिट’ हा इंग्रजी ‘अ‍ॅग्रीमेंट’चा भोजपुरी तोंडातला अवतार, यात वाद नाही (मराठीत गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार, त्याचा इथे काही संबंध नाही). खरा घोळ ‘कुली’चा आहे, कारण त्या काळच्या सरकारी कागदांत आणि मॉरिशसमध्ये बोलतानाही हाच शब्द जास्त चालायचा. एक मत असं की तो तमिळ ‘कूलि’ म्हणजे मजुरी यावरून आला. दुसरं मत, तो गुजरात-कोकण किनाऱ्यावरच्या कोळी लोकांच्या नावावरून पोर्तुगिजांनी उचलला. तुर्की ‘कुल’ म्हणजे गुलाम, असंही कोणी कोणी जोडतात पण ते जरा ओढूनताणून वाटतं. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाचा कल कोळीकडे आहे. नाव कोळ्यांवरून आलं आणि दक्षिणेत मजुरीचा अर्थ त्याला येऊन चिकटला असं धरलं तर दोन्ही बाजूंचे पुरावे बसतात, म्हणून तेच जास्त पटतं.

सुरुवात कधी धरायची यावरही एकमत नाही. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलास’ जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले, मॉरिशसमध्ये त्या तारखेची सुट्टी असते. पण १८२९ च्या सुमारासच मळेवाल्यांनी काही हिंदुस्थानी आणि चिनी मजूर आणून बघितले होते आणि तो प्रयोग फसला होता. पुढे जी पद्धत टिकली ती १८३४ चीच, त्यामुळे तीच तारीख ठीक वाटते. कारण उघड होतं, १ फेब्रुवारी १८३५ ला तिथली गुलामी कायद्याने संपली आणि मळ्यांना हात हवे होते. छळाच्या तक्रारी आल्यावर १८३९ मध्ये हिंदुस्थान सरकारने भरती बंद केली, १८४२ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून परत चालू केली. ब्रिटिश वसाहतमंत्री लॉर्ड जॉन रसेल यांनी १८४० मध्येच ही मजूरभरती ‘गुलामगिरीची नवी पद्धत’ होण्याची भीती बोलून दाखवली होती. नंतरच्या काही अभ्यासकांना हे टोकाचं वाटतं, त्यांचं म्हणणं मजूर डोळे उघडे ठेवून जात होते, आणि परत येऊन स्वतःच्या गावातून माणसं नेणारे सरदार (टोळीचे मुकादम) होतेच की. दोन्हीत तथ्य आहे, पण खालचा खाड्याचा नियम वाचला की रसेलचा शब्द फार चुकला असं म्हणवत नाही.

सुरुवातीचा करार पाच वर्षांचा, पगार महिन्याला पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ वगैरे शिधा. एक खाडा झाला की दोन दिवसांचा रोज कापायचे, याला ‘डबल कट’ म्हणत, म्हणजे आजारी पडलेला माणूस महिनाअखेर उलटा देणेकरी निघायचा. धडधाकट पुरुष मोठ्या टोळीत, बायका, पोरं आणि अशक्त लोक छोट्या टोळीत, आणि टोळीवर सरदार, म्हणजे आपल्या ऊसतोडीतला मुकादमच. बेट ज्वालामुखीचं, जमिनीत जिकडे तिकडे काळा दगड, तो हाताने वेचून बाजूला रचायचा आणि मग कुदळीने उसाचे खड्डे मारायचे. ते दगडांचे ढिगारे आजही उसाच्या शेतात उभे दिसतात. तोडणी साधारण जून ते डिसेंबर.

करार संपला तरी सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरांना फोटो लावलेलं तिकीट आणि पोलीस पास जवळ ठेवावा लागे, नसला तर भटक्या म्हणून अटक. त्याच सुमारास मलेरियाच्या साथीत हजारो माणसं गेली. १८७१ मध्ये आडोल्फ फॉन प्लेव्हिट्झ या मळेवाल्याने मजुरांच्या बाजूने अर्ज केला, त्यावर ९,४०१ सह्या होत्या, मग १८७२ ला शाही आयोग आला आणि १८७८ ला कायदा थोडा सुधारला. साखरेचे भाव पडल्यावर मोठे मळे तुकडे करून विकले गेले, पैसे साठवलेल्या मजुरांनी ते तुकडे घेतले आणि मजुराचा शेतकरी झाला तो असा.

मुंबईहून गेलेले मराठी लोक मुख्यतः कोकणाकडचे. कागदावर बापाचं नुसतं नाव लागलं आणि तेच पुढे मुलांचं आडनाव झालं, तेही फ्रेंच वळणाच्या स्पेलिंगमध्ये. कास्कावेल गावात विठ्ठल-रखुमाईचं देऊळ आहे. बेटावरचा पहिला गणेशोत्सव १८९६ चा सांगतात, आता गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. कोकणातला जाखडी नाच तिकडे ‘झाकरी’ झाला.

मजूर जिथे उतरायचे तो पोर्ट लुईचा कुली घाट १९८७ पासून आप्रवासी घाट झाला आणि २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. मजुरांची रजिस्टरं आणि फोटो मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, आजोबा-पणजोबांचं गाव शोधायला लोक तिथेच जातात.