ऱ्हॅब्डॉप्स अ‍ॅक्वाटिकस: दीडशे वर्षे दुसऱ्याच्या नावाने

सह्याद्रीतल्या एखाद्या ओढ्यात रात्री टॉर्चचा उजेड टाकला, तर तळाच्या कुजक्या पानांतून शेवाळी हिरव्या रंगाचे, मळकट पांढऱ्या पोटाचे आणि अंगावर काळे ठिपके असलेले सापाचे पिल्लू सरकताना दिसू शकते. पाण्यातला बिनविषारी साप म्हटला की दिवड किंवा विरोळा म्हणून मोकळे होण्याची आपली सवय आहे. हा मात्र ऱ्हॅब्डॉप्स अ‍ॅक्वाटिकस. आणि त्याची ओळख तर शास्त्रज्ञांकडूनही दीर्घकाळ निसटली होती.

या गोष्टीची सुरुवात वायनाडमध्ये होते. मद्रास लष्करातून वनखात्यात आलेले रिचर्ड हेन्री बेडोम यांनी १८६३ मध्ये तिथल्या एका ऑलिव्ह रंगाच्या सापाचे वर्णन केले. पुढे १८९३ मध्ये ब्रिटिश म्युझियममधील बूलेंजर यांनी ऱ्हॅब्डॉप्स ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट, म्हणजे ‘जीनस’) उभी केली आणि त्या सापाच्या जोडीला ईशान्य भारतातील बायकलर हा साप त्याच प्रजातीत गणला जाऊ लागला. त्यानंतर सव्वाशे वर्षे ही यादी दोनच जातींची राहिली, आणि महाराष्ट्र-गोव्यात सापडणारे सापही बेडोम यांच्या जातीचेच समजले गेले.

ही समजूत मोडली ती वरद गिरी, व्ही. दीपक, अशोक कॅप्टन, डेव्हिड गोवर आणि सहकाऱ्यांच्या कामामुळे. शरीररचना आणि डीएनए या दोन्ही कसोट्यांवर उत्तरेकडचा साप वेगळा ठरला आणि २०१७ मध्ये ‘झूटॅक्सा’ या नियतकालिकात त्याचे नामकरण झाले. त्याचा पाण्यातला वावर पाहून निवडलेले ‘अ‍ॅक्वाटिकस’ हे नाव मला फार समर्पक वाटते, कारण या सापाचे वयच पाण्याच्या जागेवरून कळते: पिल्ले रानातल्या ओढ्यांत आढळतात, तर सुमारे तीन फुटांपर्यंत वाढणारे मोठे साप जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळ पठारांवर, पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्यात. म्हणजे ओढा राखला आणि वरचा सडा खाणीसाठी खरवडला, तर या सापाचे अर्धे घर जाते. आणि महसुली दप्तरात अशा सड्यांची नोंद बहुधा ‘पडीक’ अशीच असते.

२०१९ मध्ये बायकलरही वेगळा निघाला. सर्पतज्ज्ञ माल्कम स्मिथ यांच्या स्मरणार्थ स्थापलेल्या स्मिथोफिस या नव्या प्रजातीत त्याची रवानगी झाली, आणि ऱ्हॅब्डॉप्समध्ये उरले ते पश्चिम घाटातले हे दोनच साप.